सुईवालीची खिडकी

९ मार्च

बाबा,

नमस्कार. साष्टांग घालायचा तर खोलीत तेवढी जागा नाही. दोन खाटा, एक टेबल आणि माझी रूममेट, एवढ्यातच खोली संपते. म्हणून उभ्यानंच.

मी बरी आहे. जेवण ठीक. रूममेट भूगर्भशास्त्र शिकते, कपाटावर दगड मांडून ठेवते आणि त्यांच्याशी माझ्यापेक्षा प्रेमानं बोलते. आमचा वर्ग सकाळी साडेआठला असतो आणि पडदे ओढून स्लाइड दाखवतात, त्यामुळे निम्मा वर्ग झोपतो. मी झोपत नाही. खरंच नाही.

फोन सोडून पत्र का, हे तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणता. अकरा महिने झाले, माझ्या वाट्याला तुमचं तेवढंच एक वाक्य आहे. हे पत्र तरी निदान पहिल्या ओळीपर्यंत वाचाल, मग द्या आईला.

आधी अभ्यासाचं सांगते. आमचा विषय म्हणजे सगळ्या जगाचा कलेतिहास. सगळ्या म्हणजे अगदी सगळ्या. पहिल्या दिवशी मी राजवाड्यातली तैलचित्रं बघायच्या तयारीनं गेले, तर प्राध्यापक बाईंनी गुहेतल्या हातांचे ठसे दाखवले, मग एक गालिचा, मग मुखवटा, मग शाईनं काढलेला डोंगर. म्हणाल्या, "यातलं मोठं कुठलं नि छोटं कुठलं हे ठरवायची घाई करू नका. ती घाई आपल्याआधी पुष्कळांनी करून झाली आहे." बाई बुटक्या आहेत, चष्मा केसांत अडकवून तोच शोधत फिरतात, पण बोलायला लागल्या की वर्ग चिडीचूप.

त्या शाईच्या डोंगराचं असं, की तो जिथला आहे तिथले शिष्य वर्षानुवर्षं गुरूचाच डोंगर काढायचे. पुन्हा पुन्हा तोच. आणि त्याला कुणी खोटं म्हणायचं नाही. शिकणं म्हणायचे, आदर म्हणायचे. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि त्यानंतरचा तासभर मला काही ऐकू आलं नाही. का, ते सांगते. नाही, आधी माझी फजिती सांगते, ते सोपं आहे.

गेल्या महिन्यात चाचणी होती. पडद्यावर एकेक चित्र येणार, आम्ही ओळखायचं. सातवं चित्र आलं आणि बघते तर काय, आपली सुईवाली! खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवणारी. जिच्या शंभर तरी नकला आपल्या पुढच्या खोलीत वाळताना मी पाहिल्या, जिच्यासमोर बसून पाढे पाठ केले. इतका आनंद झाला की हात वर करून मोठ्यानं म्हणाले, "बाई, स्लाइड उलटी लागली आहे. खिडकी उजवीकडे हवी."

"डावीकडेच असते," बाई म्हणाल्या.

"नाही हो बाई, मी लहानपणापासून बघते आहे! आणि ती डावखुरी आहे."

वर्ग खिदळायला लागला. बाईंनी एक पुस्तक उघडून दाखवलं. मग दुसरं, मग तिसरं. सगळीकडे खिडकी डावीकडे आणि सुईवाली चांगली उजव्या हाताची. बाबा, तुमचा खाका उलटा आहे! तो भोकं पाडलेला कागद, ज्याच्यावर कोळशाची पूड थोपटून तुम्ही रेषा कॅनव्हासवर उतरवता, तो पहिल्याच दिवशी पालथा पडला असणार. तेव्हापासून आपल्या सगळ्या सुईवाल्या डावखुऱ्या. मला हसू आवरेना, आणि घराची एवढी आठवण आली की डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. वर्गाला वाटलं, अपमान झाला म्हणून रडते आहे.

"हे उलटं चित्र तू पाहिलंस कुठं?" बाईंनी विचारलं.

मी म्हणाले, "एका हॉटेलात."

वरचं वाक्य लिहून मी दोन दिवस कागद बाजूला ठेवला होता.

बाईंना भारी कुतूहल वाटलं. चित्रं देशोदेशी फिरतात तेव्हा त्यांचं काय काय होतं, यावर या महिन्याच्या शेवटी आमचं प्रदर्शन आहे, विभागाच्या लांब व्हरांड्यात. "मिळालं तर घेऊन ये," म्हणाल्या. मिळायचं काय, माझ्या ट्रंकेतच होतं. निघताना आईनं टॉवेलात गुंडाळून एक छोटी सुईवाली दिली होती. मी तो टॉवेल कधी उघडलाही नव्हता. चित्र नेलं आणि सांगितलं, जुन्या बाजारात सापडलं. बघा, एकदा थाप मारली की कशी सवय लागते.

बाईंनी ते उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "मूळ चित्रातला उजेड गार आहे. इथं बघ, भिंतीवर ऊन आलंय. हे पुस्तकातून नाही आलेलं. कुणीतरी डोळ्यांनी बघून रंगवलंय हे."

बाबा, त्या तुमच्याबद्दल बोलत होत्या आणि मी खांबासारखी उभी राहिले.

मग प्रत्येक चित्राखाली लावायची कार्डं आली. माझ्या कार्डावर मी माझ्या हातानं लिहिलं, "चित्रकार: अज्ञात".

गेल्या आठवड्यात बाई सगळ्यांची कार्डं तपासत होत्या. तिसांपैकी बावीस कार्डांवर अज्ञात. गालिचा अज्ञात, मुखवटा अज्ञात, मडकं अज्ञात. त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "अज्ञात म्हणजे कुणाला अज्ञात? आपल्याला. याच्या घरच्यांना नव्हता ना? याच्या मुलीला तर ठाऊक असेल."

माझी पाचावर धारण बसली. तास संपल्यावर त्यांच्या खोलीत गेले आणि सगळं ओकून टाकलं. आपल्या दुकानाची "जगप्रसिद्ध चित्रे हुबेहूब काढून मिळतील" ही पाटीसुद्धा सांगितली. मला वाटलं, हाकलतील. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाल्या, "नाव घालायचंय? जरूर घाल. पण ते नाव त्यांचं आहे, तुझं नाही. आधी त्यांना विचार."

म्हणून हे पत्र. पण विचारण्याआधी जे म्हणायला हवं, ते अजून म्हटलेलं नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलचे मॅनेजर त्यांच्या खोल्यांत लावायला बारा सुईवाल्या न्यायला आले होते. ते तुम्हाला कलाकार म्हणाले आणि मी त्यांच्यासमोर म्हणाले, "कलाकार कसले, नकलाच तर काढतात. स्वतःचं एक तरी चित्र आहे का?" जीभ झडली असती तर बरं झालं असतं. तुम्ही ब्रश डब्यात ठेवलात आणि आत निघून गेलात. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा कॅनव्हास ताणत होतात, मान वर केली नाहीत. मी चुकले, बाबा. मोठ्या विद्यापीठात जायच्या गुर्मीत होते आणि मला तुमची लाज वाटत होती. आता माझी वाटते.

नकलेवर सही करायची नाही हा तुमचा नियम मला माहीत आहे. म्हणून विचारते, कार्डावर तुमचं नाव घालू का? कार्डं वीस तारखेला छापायला जातात. नाही म्हणालात तर चित्र काढून घेईन. पण अज्ञात लिहिणार नाही.

आईला म्हणावं, तुमचे ब्रश धुताना हातमोजे घालत जा. टर्पेंटाइननं तिचे हात फार खराब होतात.

अजून मुलगी म्हणत असाल, तर तुमची मुलगी


१५ मार्च

चि. वटवटीस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. मी तीनदा वाचलं. तुझ्या आईनं एकदाच वाचलं, पण मोठ्यानं. "जीभ झडली असती" तिथं थांबून "शुभ बोल गं बाई" म्हणाली.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तो पंधरा दिवसांत उतरला. नंतर तुझ्याशी बोलायची भीतीच वाटत होती. तू पुन्हा तोच प्रश्न विचारलास तर काय सांगू, म्हणून फोन आईकडे द्यायचो.

कार्डावर माझं नाव घालू नकोस. एकट्याचं तर मुळीच नको.

ते चित्र मी एकट्यानं काढलेलं नाही. चेहरा, हात, सुई एवढं माझं. भिंत, खिडकी, कपडा आणि ऊन तुझ्या आईचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझा हात मोडला होता, तेव्हा अर्धवट राहिलेली ऑर्डर तिनं पुरी केली आणि मला कळलं की भिंत मला कधी येतच नव्हती. तेव्हापासून भिंती तिच्या. तू शाळेत गेलीस की ती रंगवायला बसायची, तू यायच्या आत उठायची. सुट्टीच्या दिवशी आम्ही भिंती करत नसू. तिच्या हातांना वास येतो तो माझे ब्रश धुऊन येतो, असं तुला वाटलं, कारण मी तसं सांगितलं होतं.

खाकाही चुकून पालथा पडलेला नाही. आपल्या पुढच्या खोलीची खिडकी उजवीकडे आहे. ती म्हणाली, "ऊन बघून रंगवायचं तर जिकडून येतंय तिकडूनच येऊ दे की." मी पुष्कळ वाद घातला, हुबेहूब पाटी लावलीय म्हणालो. शेवटी मीच कागद उलटवला. तुझ्या बाईंना पहिल्या नजरेत दिसलं ते हेच. मला सव्वीस वर्षं दिसत होतं आणि मी गिऱ्हाइकांसमोर मान डोलावून शाबासकी घेत होतो. त्या मॅनेजरसमोरही घेतली असती, तू मध्ये बोलली नसतीस तर. तुला काय रागावू? तू एका कार्डावर अज्ञात लिहिलंस, मी ते आपल्या घरात राहून केलं.

तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आधी जेवून घ्या." जेवलो. मग तासभर ती माझ्याशी बोलली नाही, मग खूप बोलली. त्यातलं तुला सगळं सांगण्यासारखं नाही.

नकलेवर सही नाही, हा नियम अजून आहे. पण ही नक्कल आहे का, हेच आता मला नीट सांगता येत नाही. ते तू शिकतेस, तू ठरव. नाव घालायचं तर दोघांचं घाल. तुझी आठवण रोज येते. हे फोनवर म्हणता आलं नसतं.

तुझे बाबा

ताजा कलम माझा नाही, आईचा आहे. मी कागद तिच्याकडे देतो आहे.

बाळ, मी प्रदर्शनाला येते आहे. हे येतील न येतील, मी तिकीट काढायला सांगितलं आहे. तुझ्या बाईंना भेटायचंय मला, ऊन ओळखणारी बाई बघायचीय. दोघांची नावं घाल, पण माझं आधी. भिंत आधी रंगवावी लागते, सुईवाली नंतर येऊन बसते.

तुझी आई, चित्रकार