चार बोटं उंच

फिंतास, कुवेत
१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार, दुपारी साडेतीन.
कपडे वाळत घालून लिहायला बसलो.

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलवेना, म्हणून गावी निघालेल्या महबूबच्या हाती हे पत्र देतो.

नाटोचे अधिकारी इथल्या लष्कराशी बोलणी करायला आले होते. आमचे इंजिनिअर म्हणाले, वीस वर्षं हे लोक येतात आणि शिकवून जातात; देश लहान असला तरी या वेळी बरोबरीने बसून ठरवायचं आहे. सभागृहाचं लाकूडकाम आमच्याकडे होतं. नकाशात सगळी बैठक एका पातळीत होती. मी पाहुण्यांच्या बाजूला चार बोटं उंच पाट ठोकला, वर गालिचा अंथरला. आपण व्याह्यांना बसवतो तसा. वाटलं, यजमान खूश होतील.

सगळे बसले तेव्हा यजमानच ठेंगणे दिसू लागले. इथल्या मोठ्या साहेबांनी गालिचा उचलून पाहिला आणि विचारलं, हे कोणी केलं? मी पडद्यामागे उभा होतो. तिथून हललो नाही. आमचे फोरमन तल्हाभाई, श्रीवर्धनचे, पुढे होऊन म्हणाले, माझ्या सांगण्यावरून. त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. नोकरी गेली तर बायकोला, असमाभाभींना, आणि मुलींना घेऊन त्यांना हा देश सोडावा लागेल. भाभी अजून मला डबा पाठवतात. खाताना मान वर होत नाही. काय करू?

आपला,
रूपेश

गुहागर
२० नोव्हेंबर २०२५

चि. रूपेश यास अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय, धाकटी दर्शना लिहितेय. पत्राचा फोटो काढून तीच पाठवेल. पाट ठोकायला मीच शिकवलं, तेव्हा अर्धी चूक माझ्या नावावर लाव. पण शहाण्या, घर त्यांचं. कोणाला किती उंच बसवायचं ते घरवाला ठरवेल, सुतार नाही. आणि आता पाटाचं काही राहिलंच नाही. तू पडद्यामागे राहिलास, ते आहे. आई म्हणते, नोकरी गेली तर घरी ये, दाराची चौकट कधीची वाकडी झालीय. मी म्हणतो, आधी तोंड उघड.

तुझा,
बाबा

फिंतास
२८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार, सकाळी दहा.
हत्यारं पेटीत भरतोय.

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

इंजिनिअरना सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा पुढे ठेवून विचारलं, वाचता येतो ना? नववीपर्यंतच शिकलो, पण येतो, म्हणालो. मग त्यांनी नकाशा गुंडाळून ठेवला. ते फार लागलं. तल्हाभाईंना परत घेतलं. माझं कंत्राट वाढवणार नाहीत. डिसेंबरअखेरपर्यंत खैरानला शॅलेची, म्हणजे समुद्रकाठच्या सुट्टीच्या घरांची, दारं बसवायची, मग घरी.

काल तल्हाभाईंनी जेवायला बोलावलं. वाटलं, शिव्या देतील. म्हणाले, साहेब त्या पाटाला अडखळून पडला असता तर दोघं तुरुंगाच्या स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसलो असतो. मी विचारलं, तुम्ही का पुढे झालात? म्हणाले, तू ठोकताना मी पाहिलं होतं. मलाही बरं दिसलं, अडवलं नाही. खोटं कुठे बोललो?

असमाभाभींनी मोठी खुर्ची पुढे केली. मला बसवेना. खाली चटईवर बसलो. तल्हाभाई आपली खुर्ची सरकवून माझ्या शेजारी खाली बसले.

आईला सांगा, चौकटीचं काम दुसऱ्याला देऊ नये. मी येईपर्यंत माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
रूपेश