खिंडीतल्या फाटकावरची वही

९ ऑक्टोबर

फाटक! वरच्या खिंडीत फाटक!

सायकल ढकलत शेवटचं वळण घेतलं आणि समोर हिरवं, कोरं करकरीत लोखंड. ज्या खिंडीत उभं राहिलं की एका हाताला आपली छपरं दिसतात आणि दुसऱ्या हाताला पलीकडच्या खोऱ्यातलं तळं, तिथे! नवव्या वर्षापासून जातेय मी या वाटेने. फाटकाशेजारी खुर्ची, खुर्चीवर चौकीदार, त्याच्या मांडीवर वही. कंपनीने म्हणे डोंगर विकत घेतलाय. पाहुण्यांसाठी बंगले बांधणार आहेत.

"नुसतं नाव लिहा आणि जा बाई. अडवलंय कोणी?"

"अडवायचं नाही तर फाटक कशाला? शोभेला?"

"ते मला नका विचारू. मला बस म्हणाले, मी बसलोय."

लिहिलं! नुसतं नाव नाही, अर्धं पान. 'ही वाट कोणाच्या बापाची नाही' इथपासून सुरुवात. खाली सही, तारीख, वेळ. चौकीदाराने सावकाश वाचलं आणि म्हणाला, "अक्षर सुंदर आहे हो तुमचं."

उतारावर ब्रेकला हात लावला नाही. इतकी पेटले होते.

१० ऑक्टोबर

धाकटीला सगळं सांगितलं. मशीनवर बसली होती, तोंडात टाचण्या. तासभर ऐकून घेतलं. मग टाचण्या काढून काय म्हणाली? "उद्या पलीकडे कपडे पोचवायचेत. जाऊ का ताई?"

एवढं ऐकून हे!

"जा. आणि त्या वहीत लिही चार ओळी."

"मी काय लिहू? मला जायचंय, लिहायचं कुठे आहे?"

सख्खी बहीण, पण आग म्हणून नाही अंगात. "पाचच्या आत ये," म्हटलं. "आणि तुझीच सायकल ने." तिच्या सायकलची चेन पडते, खरं आहे. पण माझी गिअरची. तिला झेपायची नाही.

१४ ऑक्टोबर

वाचनालयाच्या पायऱ्यांवर सभा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी त्या पायऱ्या अजून माझ्याच आहेत! पंचवीस मिनिटं बोलले, हातात कागद नाही. म्हटलं, "पुस्तक कपाटाचं नसतं, वाचणाऱ्याचं असतं. तशी वाट डोंगराच्या मालकाची नसते, चालणाऱ्याची असते!" टाळ्या थांबेनात. शेवटी आवाहन केलं — "प्रत्येकाने खिंडीत जा आणि त्या वहीत निषेध लिहा. भरून टाका ती वही!"

पाववाला, न्हावी, शाळेतले दोन्ही मास्तर, टपाल वाटणारी — सगळे तयार. घसा पार बसलाय. बसू दे.

१९ ऑक्टोबर

शेजारच्या दोन खिंडींनाही फाटकं लागलीत का, ते बघायला निघाले. धाकटीला सोबत घेतलं. सायकली पुलापाशी झाडाला बांधल्या आणि पुढे पायी.

पहिली खिंड अरुंद, दोन कड्यांमध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी. वारा असा की टोपी धरून चालावं लागतं. दुसरी रुंद, वाळक्या गवताची. तिथून खाली बघितलं तर ढगांची सावली खोऱ्यावरून सरकत होती — एक शेत काळं, मग उजळ, मग पुढचं काळं. मी ढगांवर दोन चांगली वाक्यं तयार केली. तोवर धाकटी कितीतरी पुढे.

फाटकं नाहीत. अजून तरी!

परतताना वरच्या खिंडीवरून आलो. ती पुढे, मी मागे, आणि ती न वळता सांगत होती, "तो दगड हलतो. इथे डावीकडून. इथलं पाणी पिऊ नकोस, वर मेंढ्या बसतात."

"तुला एवढं कसं माहीत?"

"बावीस वर्षं झाली ताई. आठवड्यातून दोनदा."

मला वाटायचं कधीमधी जाते. बोलली नाहीस कधी, म्हटलं. "तू बोलत असतेस ना," म्हणाली. हसत म्हणाली, तरी लागलं.

फाटकापाशी चौकीदार तिच्यासाठी उठून उभा राहिला. तिने त्याच्या कोटाचं बटण लावून दिलंय म्हणे. वही तिच्या पुढे केलीच नाही! शत्रूची बटणं लावते ही!

२३ ऑक्टोबर

वही भरली! दुसरी आणवावी लागली!!

४ नोव्हेंबर

वकिलाकडे. माणूस थंड आहे, पण कायदा स्वच्छ सांगितला. लोक जर वीस वर्षं कोणालाही न विचारता एखाद्या वाटेने जात असतील, तर ती वाट लोकांची. मालक कोणीही असो.

"साक्षीदार किती?" म्हणाला.

"त्रेचाळीस!"

"एकच द्या, पण धड द्या."

अकरा तारखेला सुनावणी.

११ नोव्हेंबर

लिहवत नाही. लिहिणार.

कंपनीच्या वकिलाने वही टेबलावर ठेवली. पहिलं पान उघडलं. माझं अर्धं पान, माझं सुंदर अक्षर. मग सगळ्यात वरची बारीक छापील ओळ वाचून दाखवली — 'मालकाकडे वाट वापरण्याची परवानगी मागणाऱ्यांची नावे.'

त्रेचाळीस साक्षीदार. त्रेचाळीस सह्या. "विचारायची गरज नव्हती," तो म्हणाला, "तर एवढ्या लोकांनी विचारलं कशाला?"

बत्तीस वर्षं वाचनालय चालवलं. माझ्याच टेबलामागे माझ्याच हाताने लिहिलेली पाटी होती — सही करण्यापूर्वी वरचा मजकूर वाचावा.

पाववाला बाहेर म्हणाला, "तुम्ही लिहा म्हणालात म्हणून लिहिलं बाई." रागाने नाही. तेच वाईट.

१२ नोव्हेंबर

रडून झालं. आता नाही. फाटक राहणार नाही म्हणजे नाही!

वहीत नसलेलं एकच माणूस आहे. धाकटी. अठरा तारखेला साक्ष. तिला भाषण लिहून दिलं, चार पानं, सोपी वाक्यं. तिने घडी घालून मशीनच्या खणात ठेवलं. वकील मला म्हणाला, "तुम्ही हॉलमध्ये बसा हवं तर. पण तोंड उघडायचं नाही."

मला!

१८ नोव्हेंबर

तोंड उघडलं नाही. रुमालाची पार दोरी झाली.

चार पानं ती घरीच विसरली होती. विसरली नव्हतीच, मला माहीत आहे. विचारतील तेवढंच बोलली. कुठल्या दगडाशी श्वास घ्यायला थांबते, बर्फ पडल्यावर सायकल कुठे ठेवून पायी जाते, पलीकडच्या शाळेचे गणवेश किती वर्षं तिने शिवले. ऐकताना मलाच ती वाट नवीन वाटायला लागली. माझ्या एकाही भाषणात तो हलता दगड नव्हता.

मग कंपनीचा वकील गोड आवाजात म्हणाला, "या बावीस वर्षांत तुम्ही जायच्या आधी कोणाची परवानगी घेतलीत का?"

धाकटी म्हणाली, "हो. दरवेळी."

आमच्या वकिलाने डोळे मिटले. कंपनीचा वकील मात्र खुलला. "दरवेळी! कोणाची?"

"ताईची."

हॉल हसला. निवाडा देणारे साहेबही हसले. तो वकील खाली बसला, लोक माझ्याकडे वळून वळून हसत होते, मीही हसले. घरी येईपर्यंत हसत होते. आता एकटी बसलेय आणि मोजायला घेतलं — आठवड्यातून दोनदा, बावीस वर्षं. जाऊ का ताई, जाऊ का ताई. आणि मी दरवेळी 'जा' म्हणाले. म्हणजे 'नको' म्हणण्याचा हक्क माझा आहे, हे आम्हा दोघींना मान्य होतं! तो चौकीदार निदान खुर्चीवर तरी बसायचा.

२७ नोव्हेंबर

सकाळी वकिलाचा निरोप आला. वाट लोकांची! फाटक आठ दिवसांत काढायचं!

धावत तिच्या खोलीत सांगायला गेले. मशीनवर झाकण. कपड्यांचं गाठोडं नाही. अंगणात तिची सायकल भिंतीला टेकलेली.

माझी जागेवर नाही.

विचारलं नाही! ब्रेक लागतो ना नीट, तेवढं मात्र बघायला हवं होतं. नाही. पाचला दाराशी जाऊन उभी राहणार नाही.