पिवळे डोळे

तीर्थस्वरूप दादास,
दुरूनच पाया पडतो.

तब्येत ठीक आहे. जेवण जातं, निम्मं तरी. आईचे गुडघे कसे आहेत?

गेल्या खेपेला माझे पिवळे डोळे बघून तू म्हणालास, "ढोसतोस आणि वर खोटं बोलतोस." इथे वेल्डिंगच्या शेडमध्येही मला 'क्वार्टर' म्हणतात.

आता लिव्हरमधल्या गाठीचा तुकडा तपासलाय. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर मूळचा गळ्यातल्या थायरॉईडचा, तिथून लिव्हरमध्ये पसरलाय. असं क्वचितच होतं म्हणे. गळा चाचपला तर हाताला काहीच लागत नाही.

म्हणजे मी थेंबही घेतला नव्हता. आईला एवढंच सांग, बाकीचं नको.

खरं सांगू, दादा? तुझंच खरं निघायला हवं होतं. दारू सोडता तरी आली असती.

तुझा,
धाकटा