बाबांच्या फ्लॅटचं गिऱ्हाईक

१ फेब्रुवारी, रविवार

बाबा हो म्हणाले! फ्लॅट विकायला. सकाळभर मी बोलत होतो, ते मधूनमधून "बरं" म्हणत होते.

आई जाऊन चार वर्षं झाली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे सत्तरीचे. एकट्यानं राहायचं कशाला? त्यांचा फ्लॅट विकायचा, आमचाही विकायचा आणि दोन्ही मिळून नव्या सोसायटीत मोठं घर घ्यायचं. एकत्र राहू. मुलगी बारावीत आहे आणि स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून अभ्यास करते. कुकरची शिट्टी झाली की तिचं गणित चुकतं.

हिला सांगितलं. म्हणाली, "बाबांना नीट विचारलंत ना?"

मग सकाळभर मी काय करत होतो?

४ फेब्रुवारी

एजंट नेमला. बोटात चाव्यांचा जुडगा फिरवत बोलतो, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव लगेच "चावीवाले" पडलं. त्यांच्या मते बाजार सध्या तापलेला आहे. तयार घरं कमी, घेणारे जास्त, कर्ज स्वस्त. चालू रेटपेक्षा दहा टक्के चढवून सांगा म्हणाले. मी म्हटलं, पंधरा. त्यांनी चाव्या थांबवून माझ्याकडे पाहिलं. आदरानं, असं मला वाटलं.

रंगाच्या कारखान्यात वीस वर्षं खरेदी विभागात काढली आहेत. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते मला चेहऱ्यावरून कळतं.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिली गिऱ्हाइकं. एक गृहस्थ प्रत्येक भिंतीवर टकटक करून कान लावत होते. आत कोण आहे असं त्यांना वाटत होतं कोण जाणे. एका बाईंनी आईचं कपाट उघडलं, बंद केलं, "जुनं आहे" म्हणाल्या. कपाट विकायला काढलेलंच नाही! तिसऱ्यांनी विचारलं, सकाळचं ऊन दुसऱ्या बाजूनं घेता येईल का?

आणि बाबा! येईल त्याला सांगत होते, पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला ओल येते. कुणी विचारलंही नव्हतं. मी डोळ्यांनी खुणा केल्या तर सगळ्यांसमोर म्हणाले, "डोळ्यात काय गेलं रे तुझ्या?"

१५ फेब्रुवारी, रविवार

आज एक नर्सबाई आल्या होत्या. गेल्याच वर्षी मोठ्या इस्पितळातून निवृत्त झाल्या. लग्न केलेलं नाही, एकट्याच असतात. भाड्यानं राहतात ते घर मालकानं विकायला काढलंय, म्हणून शोधाशोध.

सगळे नळ सोडून पाहिले. खिडक्या उघडून पाहिल्या. बाबांनी ओलीचं सांगितलं, तर म्हणाल्या, "सांगितलंत हे बरं केलंत. आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्या घरांत नवा रंगच पाहिला." मग बाबांनी त्यांना चहा विचारला. इतरांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

रेटचं मात्र अवाक्षर नाही. खाली कोण राहतं, दुपारी आवाज असतो का, एवढंच. मी ओळखलं — मुरलेलं गिऱ्हाईक. जो पहिल्या भेटीत भाव विचारत नाही, तोच शेवटी पिळून घेतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

नर्सबाई पुन्हा आल्या. या वेळी पर्समधून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला!

मी हिला घरी येऊन समजावून सांगितलं: विकणाऱ्याची प्रकृती बघून ठेवायची. तब्येत नरम, म्हणजे घाई आहे. घाई आहे, म्हणजे भाव पाडता येतो. काय डोकं आहे बाईंचं!

ही भाजी निवडत होती. म्हणाली, "रक्तदाब किती निघाला?"

"थोडा जास्त."

"निघणारच," म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. हिला व्यवहारातलं काही समजत नाही.

१ मार्च, रविवार

रेटचा आलेख काढायला घेतला. ऑफिसच्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, लाल पेनानं. जानेवारीपासून रेघ सरळ वर. ही डोकावून म्हणाली, "कॅलेंडर उलटं नाही ना धरलेलं?"

८ मार्च, रविवार

लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कुणाचा विश्वास बसणार नाही.

आज एक तरुण जोडपं आलं. दोघांना बँकेत नोकरी, कर्ज मंजूर करूनच आलेले. घर पाहिलं, आवडलं. आम्ही सांगितलेला रेट — पंधरा टक्के चढवलेला! — जशाच्या तसा मान्य. चावीवाल्यांच्या हातून जुडगा खाली पडला.

आणि बाबा म्हणाले, "विचार करून कळवतो."

जिन्यापर्यंत त्या दोघांना सोडून आलो तर हे खुर्चीत बसून शांतपणे नखं कापत होते. मी म्हटलं, विचार कसला? मुलं भली आहेत, पैसे तयार आहेत. म्हणाले, "मुलं भली आहेत. पण मधली भिंत पाडायचं म्हणत होती."

"पाडू देत ना! त्यांची भिंत होणार आता."

"आज माझी आहे."

मग मी बरंच बोललो. त्यांच्या वयावर बोललो, जिन्यावर बोललो, मुलीच्या अभ्यासावर बोललो. चावीवाले गॅलरीत जाऊन उभे राहिले. शेवटी बाबा नखं कापायचं थांबले.

"कितीला विकायचं हे तू मला रोज विचारतोस," म्हणाले. "विकायचं का, हे एकदाही विचारलं नाहीस."

"तुम्ही बरं म्हणालात की!"

"तुझ्या आईलाही मी आयुष्यभर बरंच म्हणत आलो. तिला कळायचं, कुठलं बरं म्हणजे नाही."

९ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

१६ मार्च

जोडप्यानं दुसरीकडे टोकन दिलं. चावीवाल्यांनी फोनवर कळवलं. आवाज असा, की जणू कुणी गेलंच आहे.

२२ मार्च, रविवार

बाजार फिरला. कर्जाचे व्याजदर वाढले. त्यात बाबांच्या रस्त्याच्या तोंडाशीच मोठा फलक लागला — चोवीस मजले, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, आणि पहिल्या खरेदीदारांना स्वयंपाकघर मोफत! आता लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याकडे कोण बघणार?

चावीवाले आले होते. जुडगा खिशातच ठेवला होता. म्हणाले, रेट खाली आणू या. मी म्हटलं पाच टक्के. ते म्हणाले, पंधरा. या वेळी मी त्यांच्याकडे पाहिलं.

लाल रेघ खाली वळवावी लागली. मन घट्ट करून वळवली.

२९ मार्च, रविवार

आजही एकच गिऱ्हाईक: नर्सबाई. बाकी चिटपाखरू नाही. बाजार पडला तरी बाई टिकून आहेत. याला म्हणतात खरी गरज.

५ एप्रिल, रविवार

चावीवाल्यांनी सुचवलं की घर रिकामं, ओकंबोकं दिसता कामा नये. हे बाबांना सांगायला गेलो, तर त्यांनी आधीच सगळं केलेलं! नवे पडदे. गॅलरीत दुसरी खुर्ची. कुंड्या. स्वतःचेही केस नीट कापून घेतलेले, दाढी गुळगुळीत, पांढरा शर्ट इस्त्रीचा. मी मनापासून शाबासकी दिली. म्हटलं, बाबा, विकायचं मनावर घेतलंत शेवटी.

"मनावर घेतलंय खरं," म्हणाले.

घरी येऊन हिला हे सांगितलं तर हिला जोराचा ठसका लागला. पाणी आणून दिलं.

७ एप्रिल

बारावीचे पेपर संपले; मुलगी आता प्रवेशपरीक्षेच्या क्लासमधून परस्पर आजोबांकडे जाते अभ्यासाला. मागची खोली तिला दिली आहे. तिथे शांत असतं म्हणते. नर्सबाई जीवशास्त्र समजावून सांगतात.

म्हणजे या बाई आठवड्यात मधल्या दिवशीही येतात? घर बघायला? वेगवेगळ्या वेळी उजेड कसा पडतो ते बघत असणार. चोख काम आहे.

१४ एप्रिल

ऑफिसातून लवकर सुटलो म्हणून न कळवता बाबांकडे गेलो. दार उघडंच. गॅलरीत दोघं शब्दकोड्यावर वाकून बसलेले. बाबा हसत होते. नुसते गालातल्या गालात नाही — खुर्चीची पाठ हलत होती. मी दारातच थांबलो.

हा आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता. विसरूनच गेलो होतो की ते असे हसतात. शेवटी खोकला येईपर्यंत.

मला पाहून नर्सबाई उठल्या, "चहा टाकते," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. साखरेचा डबा बरोबर सापडला त्यांना. मला तो शोधावा लागतो.

मी बाबांना हळूच म्हटलं, जपून. गिऱ्हाइकाशी एवढी जवळीक बरी नाही, भाव करताना जड जातं. बाबांनी चष्मा काढून पुसला. "तू खरेदी विभागात किती वर्षं आहेस रे?" म्हणाले.

"वीस."

"कारखाना चाललाय ना नीट?"

या प्रश्नाचा रोख कळला नाही.

२० एप्रिल

आमच्या फ्लॅटलाही गिऱ्हाईक नाही. एक येऊन गेला. म्हणाला, स्वयंपाकघरात पुस्तकांची एवढी गर्दी का?

२६ एप्रिल, रविवार

आज सोक्षमोक्ष लावायचा म्हणून नर्सबाईंना सरळ विचारलं. म्हटलं, बाई, तुम्ही घर दहा वेळा पाहिलंत. तुमच्या मनात आकडा काय आहे तो सांगून टाका. मी मुलगा आहे, पण वाजवी बोलेन.

त्यांच्या हातातली बशी खळखळली. बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. मुलगी पुस्तकात तोंड खुपसून हलायला लागली — बहुधा पाठांतर.

"आकडा असा नाही काही," त्या म्हणाल्या. "घर मला आवडलंय. आहे तसंच."

आहे तसंच! ओलीसकट! मी लगेच म्हटलं, मग रेटमध्ये आम्हीही थोडं मागेपुढे करू. माझ्या मते या एका वाक्यानं व्यवहार जमला.

परत येताना ही रिक्षात बाहेर बघत होती. मी म्हटलं, बघितलंस कसं वळवलं? म्हणाली, "अहो, तुम्हाला खरंच काही दिसत नाही का?"

म्हटलं, दिसतं की. बाजार अजून महिनाभर असाच राहणार.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. हे बरेच दिवसांनी. बाजार पडला की माणसं जवळ येतात.

३ मे, रविवार

रात्रीचं जेवण होता होता हिला विचारलं, बाबा इथे आले की त्यांची खाट कुठे टाकायची — तात्पुरती, मोठं घर होईपर्यंत. दोघांनी सगळीकडे माप घेतलं. टेप बेसिनपासून दारापर्यंत, दारापासून कपाटापर्यंत. खाट बसते, पण मग दार अर्धंच उघडतं.

"आणि बाबा दिवसभर कुठे बसतील?" ही म्हणाली.

खाटेवर, म्हटलं. पण म्हणताना ती गॅलरीतली खुर्ची डोळ्यांसमोर आली. टेप गुंडाळून ठेवला.

९ मे

बाबांचा फोन! स्वतःहून. "रजिस्ट्रेशनची तारीख मिळाली. गुरुवारी सकाळी. सुट्टी काढ. ओळखपत्र घेऊन ये, साक्षीदार लागतात."

जमलं! तेही पडत्या बाजारात! विचारलं, कितीला ठरलं? म्हणाले, "चांगलं ठरलं." फोनवर आकडे न बोलण्याइतकी सावधगिरी आली त्यांच्यात, हे ऐकून बरं वाटलं.

चावीवाल्यांना फोन केला. त्यांना तारखेचं काहीच माहीत नव्हतं. दलाली बुडवली म्हणून चिडतील असं वाटलं, पण म्हणाले, "साहेब, त्या बाईंकडून मी दलाली कशी मागणार? माझं अभिनंदन सांगा." भला माणूस. या धंद्यात अशी माणसं विरळा.

१३ मे

फाइल तयार केली. मूळ खरेदीखत, कराच्या पावत्या, सोसायटीचा दाखला, नकाशा, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. ही शेजारी बसून ठेवणीतले कपडे इस्त्री करत होती. माझेही, मुलीचेही. म्हटलं, कागद करायला जायचं तर एवढा थाट कशाला? "असू दे," म्हणाली.

मध्येच फाइल मिटून बसलो. खरं तर आनंद व्हायला हवा. पण उद्यापासून तो जिना आपला नाही, असं मनात येत राहिलं. हिला म्हटलं, बाबांना विचारायला हवं होतं. विकायचं का, म्हणून.

इस्त्री थांबली. "उद्या विचारा," म्हणाली. "उशीर नाही झालेला."

१४ मे, गुरुवार

खरेदीखतांचा विभाग तळमजल्यावर आहे. मी फाइल घेऊन तिकडे वळलो. बाबा म्हणाले, "आपल्याला वर जायचंय," आणि नर्सबाईंचा हात धरून जिना चढायला लागले.

पाटी वाचली. दोनदा वाचली. विवाह नोंदणी.

साक्षीदाराच्या जागी सही केली. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, तुम्ही यांचे कोण? मी म्हटलं, मुलगा. "कोणाचा? वरांचा की वधूंचा?" मी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली.

"दोघांचा लिहा," नर्सबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू — "चालेल ना?"

मी म्हटलं, बरं.