ठिणगीच्या नावावर

४ मार्च

ती. मामास,
ठिणगीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, तेव्हा हे पत्र. नेहमीप्रमाणे याचा फोटो मामीच्या फोनवर जाईल आणि ती तुझा चष्मा शोधून देईल. तू उभ्यानेच वाचायला लागशील, म्हणून आधीच सांगते, खाली बस. मी मोटरसायकल घेतेय.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर भट्टी आहे, तिथल्या पाववाल्या आजोबांची. ते आता भट्टी विकून दुसऱ्या देशात मुलाकडे राहायला चाललेत. गाडीवर त्यांनी आयुष्यभर पाव पोचवले. मागच्या कॅरिअरला अजून भाजक्या पावाचा वास येतो. तू शिकवलंस तसा लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मी त्याची मूठ कानाशी धरली. आजोबा बायकोला हाक मारून म्हणाले की ही मुलगी गाडीची नाडी बघतेय. टॅपेट थोडे वाजतात, बाकी इंजिन ठणठणीत आहे. एअर फिल्टर उघडला तर आत मैदा. तो झटकला आणि गाडी अशी काही उचलली की मला भट्टीभोवती एकच फेरी मारायची होती, तिथे मी तीन मारल्या.

आता मुद्द्याचं. तुला माहीतच आहे, मी इथे घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे गुडघे आणि खांदे हलते करते. टेकडीपलीकडच्या वस्तीत असे पुष्कळ पेशंट आहेत आणि तिकडे बस जेमतेम जाते. आमच्या दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय की मार्च संपायच्या आत माझ्या स्वतःच्या नावावर गाडीचा कागद दाखवला तर ती वस्ती माझी, आणि पुढच्या दोन वर्षांचा करारही माझा. दुसऱ्या कुणाच्या नावावरची गाडी त्यांच्या विम्यात बसत नाही. कागद नाही आणला तर महिनाअखेरीस माझा करार संपतो, त्याच्याबरोबर इथे राहायचा परवानाही, आणि मी बॅगा घेऊन तुमच्या दारात.

दवाखान्यात सगळे म्हणतात की परदेशी माणसाच्या नावावर जुनी गाडी होणं म्हणजे दिव्य आहे. पण लायसन्सची परीक्षा मी इथल्या भाषेत दिली आणि पास झाले, तर हेही होईल. तू फक्त सांग, गाडी ऑफिसात नेण्याआधी काय काय बघू.

मामीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो टाकीसारखा काठोकाठ राहू दे.

तुझी
ठिणगी


६ मार्च

चि. ठिणगी हिस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचलं. मग बसलो, मग पुन्हा उभा राहून गॅरेजातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्या गिऱ्हाइकाचं इंजिन खोलून ठेवलं होतं तो बिचारा ताटकळत राहिला, पण ऐकल्यावर तोही म्हणाला की पोरगी वाघीण आहे. अंगावर मूठभर मांस चढलं.

गाडी नावावर करायचं म्हणतेस, तर बाई, आपल्याकडे ते कोण करतं? कोऱ्या फॉर्मवर जुन्या मालकाची सही घ्यायची आणि फॉर्म डिकीत ठेवून द्यायचा. निम्मं गाव स्वर्गवासी माणसांच्या गाड्या उडवतंय आणि एकालाही वरून तक्रार आलेली नाही. पण तुझ्या मोठ्या बाई कागदावर अडून बसल्यात म्हटल्यावर इलाज नाही.

आता नीट ऐक. चेन ढिली नको, आत्ता ताण. हँडल उचलून सोडून बघ, टक् असा आवाज आला तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. दिवे, हॉर्न, ब्रेकचा लाल दिवा, सगळं आदल्या दिवशी तपास, कारण नेमकं साहेबासमोर बंद पडायची गाड्यांना खोड असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गाडी पासिंगला न्यायची ती नवरीसारखी. गंज घासून काढ, चेसिसला काळ्या रंगाचा एक हात मार, टायरला पॉलिश कर. तपासणाऱ्याचा डोळा खूश झाला की हात आपोआप शिक्क्याकडे जातो. माझ्याकडून रंगून गेलेली गाडी आजवर परत आलेली नाही.

मामी विचारते की टेकडी किती उंच आहे आणि वाटेत वस्ती आहे का. मी म्हटलं, ती गाडी घेतेय, गाडी तिला घेत नाहीये. तरी कळव.

इकडे सगळे खुशाल. खाण्यापिण्याची हयगय करू नकोस, आमची आठवण गाडी पुसताना तरी काढत जा.

तुझा
मामा


१६ मार्च

ती. मामास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी चांगलं सांगते, म्हणजे वाईट वाचायला तुला दम राहील.

इथलं वाहन कार्यालय म्हणजे एक लांबलचक हॉल, खिडक्याच खिडक्या, आणि परदेशी लोकांची खिडकी सगळ्यात शेवटी, झेरॉक्सच्या मशीनमागे. पहिल्या दिवशी खिडकीतल्या बाई म्हणाल्या की विमा आणा. विमावाला म्हणाला की गाडी आधी नावावर करा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत. शेवटी मी विमावाल्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि त्याला म्हटलं की तुम्ही बाईंना फोन लावा, मी इथेच आहे. दोघं बोलले आणि तात्पुरता विमा म्हणून एक चीज असते असं निष्पन्न झालं. दोघांनाही ते माहीत होतं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं. घरमालकीणबाईंनी पत्त्याचा दाखला दिला आणि वर म्हणाल्या की एक चक्कर त्यांनाही मारून आण. मामा, त्या तीन दिवसांत मी त्या हॉलमध्ये इतकी रुळले की लोक मला कुठली खिडकी कशाची ते विचारायला लागले.

मग राहिली फक्त गाडीची तपासणी. हत्ती गेला, शेपूट राहिलं असं समजून मी रविवारी अंगणात बसून तू सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. गंज काढला, काळा रंग दिला, टायर चकाचक केले. पाववाल्या आजी म्हणाल्या की लग्नातही यांची गाडी इतकी छान दिसली नव्हती. काल मी ती तपासनीसासमोर मोठ्या दिमाखात उभी केली.

तो हँडलखाली वाकला, बॅटरी मारली, बोट फिरवलं, आणि उठला तो चेहरा बदलूनच. त्याने विचारलं की नंबर कुठे आहे. मामा, चेसिसचा नंबर हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो हे मला शेंबड्या वयापासून माहीत आहे, आणि मी त्याच्यावर रंगाचे दोन हात दिले होते. एक तू सांगितलेला आणि एक हौसेचा. इथे ताजा रंग, तोही नेमका नंबरावर, म्हणजे चोरीची गाडी असंच धरतात. मी म्हटलं की आमच्याकडे गाडी ऑफिसात नेताना सजवतात. तो हसला नाही. म्हणाला की नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे, त्यावर ओरखडासुद्धा नको, आणि जुन्या मालकाने स्वतः येऊन ओळख पटवली पाहिजे. नाहीतर प्रकरण पोलिसांकडे जाईल.

आजोबा या रविवारी कायमचे जाणार. म्हणजे शनिवारच्या आत नंबर मोकळा व्हायला हवा. मी सँडपेपर आणून ठेवलाय, पण हात धजत नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालंय. इतकं जवळ येऊन परत फिरायचं माझ्या जिवावर आलंय, मामा. मला हे काम हवंय. गाडी हवीय म्हणून नाही, टेकडीपलीकडची ती माणसं मला हवीत. एक शिंपीकाका तर सहा महिने खांदा उचलू शकलेले नाहीत.

लगेच लिही. मामीला काळजी वाटेल असं वाचून दाखवू नकोस.

तुझी
ठिणगी


१६ मार्च

चि. ठिणगी हिस,
अनेक आशीर्वाद.

सँडपेपर फेकून दे. आधी फेक, मग पुढे वाच.

आकडे घासले गेले तर ते देवालासुद्धा वाचता यायचे नाहीत आणि मग तू खरंच चोर ठरशील. थिनर आण. जुन्या सुती कपड्याचा बोळा कर, भिजव, पीळ, आणि हलक्या हाताने एकाच दिशेने पुसत जा. रंग ताजा आहे, सुटेल. घाई करू नकोस, बोळा काळा झाला की नवा घे. खिडक्या उघड्या ठेव, डोकं धरतं त्या वासाने. आकड्यांच्या खाचेत रंग बसला असेल तर लाकडी टूथपिकने काढ, सुई नको. कोरडं झालं की पांढरा खडू घास आणि वरचा पुसून टाक. खाचेतला राहील आणि नंबर दुधासारखा दिसेल. मग त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरव, छाप उमटेल. तो छाप जुन्या कागदाशेजारी ठेव. आपल्याकडे फॉर्मला चिकटवतात तोच.

साहेबाशी खोटं बोलू नकोस. मामाने रंगवायला सांगितलं, त्याला तुमच्याकडची रीत ठाऊक नव्हती, असं सरळ सांग. मला पकडायला इथवर कोण येतंय?

मामीला मी वाचून दाखवलं नाही. तिने स्वतःच वाचलं.

झाल्याबरोबर कळव. इथे कामात कुणाचं लक्ष नाही.

तुझा
मामा


१९ मार्च

ती. मामास आणि ती. मामीस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

झाली. गाडी माझ्या नावावर झाली. हे वाक्य मी खालच्या जिन्यापासून मनात म्हणत आले, आता लिहिलं तेव्हा खरं वाटलं.

थिनर आणायला आजोबा बरोबर आले. भट्टीच्या मागच्या दारात गाडी उभी केली, आजोबा बॅटरी धरून आणि मी बोळा. पहिला आकडा दिसला तेव्हा आजी स्वयंपाक सोडून बाहेर आल्या. मग एकेक आकडा बाहेर पडत गेला आणि आजोबा हातातल्या जुन्या कागदावरून मोठ्याने वाचत गेले, जणू लॉटरीचा निकाल लागतोय. शेवटचा आकडा कागदाच्या घडीत पुसटला होता, तो तीन आहे की आठ यावर नवरा-बायकोचं भांडण झालं. खडू फिरवला, आठ होता, आजी जिंकल्या.

कार्यालयात आजोबा पांढरा ॲप्रन घालूनच आले. भट्टी त्यांनी सकाळीच बंद ठेवली होती, दारावर पाटी लावून. तपासनीसाने नंबर बघितला, बोट फिरवलं, पुन्हा बघितला. मी पेन्सिलीचा छाप पुढे केला. तो त्याने जुन्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. मग मला विचारलं की रंग द्यायला कुणी सांगितलं. मी म्हटलं मामाने. त्याने विचारलं की मामा काय करतो. सांगितलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला आणि म्हणाला की मामाला सांग, टायरची पॉलिश मात्र उत्तम होती. आजोबांनी ओळख पटवताना इतका इतिहास सांगितला की मागची रांग खोळंबली. त्यांना थांबवायचं माझ्या जिवावर आलं, कारण ते गाडीचा निरोप घेत होते.

मग शिक्का. बाईंनी कागद खिडकीतून सरकवला. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही एका ओळीत, आणि त्याच्या आधी छापलेलं की मालक. मामा, शाळेच्या पुस्तकांखेरीज माझ्या नावावर आजवर काहीच नव्हतं. मी हॉलमध्ये उभी राहून रडले. झेरॉक्सवाल्याने मला खुर्ची दिली.

तिथून तडक मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि करार पुढे ठेवला. पुरी दोन वर्षं. दुपारी टेकडी चढले. वळणं आहेत पण रस्ता चांगला आहे, मामीला सांग, वाटेत सगळीकडे घरं आहेत. शिंपीकाका दारातच उभे होते. त्यांचा खांदा आज दोन बोटं वर गेला. जास्त नाही, पण गेला.

तुम्ही दोघं नसतात तर मी आत्ता बॅगा भरत असते. तुमचा आशीर्वाद असाच पाठीशी राहो, एवढीच मागणी.

तुमची
ठिणगी


२४ मार्च

चि. ठिणगी हिस,
मामा-मामीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आलं आणि गॅरेज अर्धा दिवस बंद राहिलं. सगळ्यांना चहा पाजला. तुझ्या कागदाचा फोटो मोठा करून हवेच्या पंपाच्या वर लावलाय. गिऱ्हाईक टायरमध्ये हवा भरता भरता वाचतं. कुणाला भाषा कळत नाही, पण नाव सगळ्यांना वाचता येतं. साहेबाने पॉलिशची तारीफ केली हे मी जरा जास्तच वेळा सांगितलं असं मामीचं मत आहे.

एक गोष्ट लिहू नका असं मामीने बजावलंय, म्हणून लिहितो. तुझं ते घाबरलेलं पत्र आलं ना, रंगाचं, ते वाचून झाल्यावर हिने फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाली, उत्तर रविवारनंतर लिहिलं तर? तोवर ते पाववाले निघून जातील आणि पोरगी महिनाअखेरीस घरी येईल. थट्टेत म्हणाली, पण हसली नाही. मीही हसलो नाही, कारण त्याच क्षणी माझ्याही मनात तेच आलं होतं. तू इथे असतीस, संध्याकाळी मागच्या ओट्यावर बसली असतीस, असं सगळं डोळ्यांपुढे आलं.

मी पेन शोधायलाही उठलो नाही. तीच उठली, पेन आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, थिनरचं आधी लिहा. फोटो तिने घाईघाईत काढला, म्हणून तुला पहिला धूसर आणि मग दुसरा स्पष्ट असे दोन आले.

पुढच्या महिन्यात तेल बदल. तिकडे कुणाला हात लावू देऊ नकोस, स्वतः कर, अडलं तर विचार. दोन वर्षं काय, बघता बघता जातात असं लोक म्हणतात. आम्हाला तसा अनुभव नाही, पण घेऊ. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा
मामा

ता. क. मामी लिहिते. यांच्या पोटात काही राहत नाही. लिहिलंय ते खरं आहे, त्यावरून तू रडू नकोस, माझं रडून झालंय. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा आणि त्या शिंप्याचा खांदा बरा कर.