समुपदेशकाचा घसा

सोमवार, ६ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहिणार. पुढेमागे लोकांना उपयोग होईल.
समुपदेशनाच्या प्रशिक्षणातला सुपरव्हिजनचा, म्हणजे माझं काम तपासून घेण्याचा, पहिला दिवस. सुपरव्हायझर ऋजुता. पुण्याचीच, माझ्याहून बरीच लहान, पण वीस वर्षं द हेगमध्ये मुरलेली. मला नुसतं हेमचंद्र म्हणते. राव नाही, सर नाही. हिने अनुकूल शेरा दिला की पुढच्या कोर्सला प्रवेश, आणि मग निदान करण्याचा अधिकार. तोवर मी नुसता समुपदेशक. कोणाला काय झालंय हे ढळढळीत दिसलं तरी तोंड मिटून बसायचं. पुण्यात अठरा वर्षं सायकॉलॉजी शिकवलेल्या माणसाने! वर म्हणे, क्लायंटची परवानगी घ्या आणि सेशन रेकॉर्ड करून आणा.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
सध्या क्लायंट एकच. गोपनीयतेसाठी नाव लिहीत नाही. प्रणव पार उइटहॉर्न गावाहून ट्राम, ट्रेन बदलत द हेगला लागून असलेल्या आमच्या रायस्वाइकला येतो. आयटीतला. तोंडातून शब्द काढत नाही. मी शर्थ केली. डिप्रेशनचे प्रकार समजावले, इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्याची हकीकत सांगितली, श्वसनाचं महत्त्व पटवलं. तरी मख्ख.
निदान (मनातल्या मनात): संवादक्षमता संपुष्टात.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
डच शिकायला सुरुवात. उद्यापासून.

सोमवार, १३ ऑक्टोबर
ऋजुताने रेकॉर्डिंग ऐकलं आणि विचारलं, यात क्लायंट कुठे आहे? खवचट बाई. मी म्हटलं, बोलत नाही हाच तर त्याचा आजार. तर म्हणाली, तुम्ही बोलू देत नाही, आणि असंच चाललं तर मी सही करणार नाही. तोंडावर! वीस वर्षांत डचांकडून एवढंच शिकली.
निदान: ऋजुता, नार्सिसिस्ट. मत्सराची झाक.
घरी बायकोला, वैदेहीला, हे सगळं सविस्तर सांगितलं. तिच्या नोकरीपायी मी इथे आलो, एवढं तरी तिने ऐकावं. ती हं म्हणाली. मग लक्षात आलं, कानात हेडफोन.
निदान: वैदेही, भावनिक अलिप्तता.

बुधवार, १५ ऑक्टोबर
संकल्प. उद्या गप्प बसणार. दाखवतोच त्या बाईला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
बसलो. प्रणवने आई एवढा एकच शब्द उच्चारला आणि मी मूळ पकडलं. वेळ न दवडता मातृसंबंधांवर सगळं सांगून टाकलं. आभार राहिले बाजूला, हा आपला घड्याळ बघतोय. कृतघ्न.

मंगळवार, २१ ऑक्टोबर
सायकल कुठे लावावी यावरून शेजारच्या म्हाताऱ्याशी भर पावसात भांडण. तात्त्विक विजय माझा, पण घसा साफ बसला. इथला फॅमिली डॉक्टर, हाउसआर्ट्स, म्हणाला पॅरासिटामॉल घ्या आणि बोलू नका. यासाठी हा डॉक्टर झाला! निदान: कामचुकार.
वैदेही पोळ्या लाटताना गुणगुणत होती. हेडफोन टेबलावर.

गुरुवार, २३ ऑक्टोबर
सेशन रद्द करायचं राहून गेलं. प्रणव आला. मी घशाकडे बोट दाखवलं. बराच वेळ दोघं नुसते बसलो. मग तोच बोलायला लागला.
एप्रिलमध्ये त्याची आई गेली. पोचणं शक्य नव्हतं, थांबू नका असं त्यानेच भावाला कळवलं. अंत्यसंस्कार फोनवर बघत होता आणि समोर लॅपटॉपवर मीटिंग चालू. कोणीतरी कामाचं स्टेटस विचारलं आणि याने दिलं. मी स्टेटस दिलं हो सर, स्टेटस दिलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत रडला. भावाशी तेव्हापासून बोललेला नाही.
माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. घशाच्या इन्फेक्शनमध्ये येतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर
ऋजुताने गुरुवारचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. एक शेरा नाही. मग म्हणाली, फार छान. असं आणखी एकदा करून दाखवा, मी सही करते.
अपमान! अठरा वर्षांच्या व्यासंगाला शून्य आणि सुजलेल्या घशाला शाबासकी. असो. गप्प बसायला काय अक्कल लागते?

गुरुवार, ३० ऑक्टोबर
आल्या आल्या प्रणवने विचारलं, सर, घसा कसा आहे? एकदम खणखणीत, मी म्हटलं. त्याचा चेहरा का पडला कळलं नाही.
मी निग्रहाने गप्प. तो म्हणाला, भावाला फोन करावासा वाटतो, पण धीर होत नाही. मी म्हटलं, फक्त एक मुद्दा मांडतो. मुद्दा संपला तेव्हा तासही संपला होता.
दारात तो म्हणाला, पुढच्या गुरुवारचं नक्की सांगता येत नाही सर. कामं आहेत.

बुधवार, ५ नोव्हेंबर
सकाळी प्रणवला मेसेज केला, या, घसा पुन्हा बसतोय. लगेच उत्तर आलं, नक्की येतो सर.
चहाच्या वेळी वैदेहीला सहज विचारलं, एका दिवसात घसा बसायला काय खावं. ती ‘कशासाठी’ असं विचारेल म्हणून कारण तयार ठेवलं होतं. तिने सरळ उठून फ्रीझर उघडला. आत आइस्क्रीमचे तीन मोठे डबे.
हे कधी आणलेस, मी विचारलं.
म्हणाली, तुझा आवाज परत आला त्या दिवशी.