डाकूच्या मानेचा पट्टा

अण्णा, तुमचा नातू डाकू झाला आहे. घाबरू नका, लुटायला कुठे जात नाही. हल्ली एक कंपनी गावोगाव कुस्तीचे खेळ लावते. दोरांनी बांधलेला चौक, दिव्यांचा झगमगाट, कानठळ्या बसवणारा बाजा, आणि प्रत्येक पहिलवानाला सिनेमातून उचललेलं एकेक सोंग. एक जण काळा चष्मा लावून इन्स्पेक्टर होतो. एक मुलगी नागीण होते आणि हरली की फणा काढते. एक जण कपाळाला टॉर्च बांधून परग्रहावरून येतो, खरा येतो मुरैन्याच्या बसने. आपला पोरगा ग्वाल्हेरचा, तेव्हा मालकाने त्याला बघताक्षणी सांगितलं, "तू चंबल का डाकू." झालं. कपाळावर काळा टिळा, खांद्यावर काळी शाल, छातीवर आडवी काडतुसांची माळ, आणि सराफ्यातल्या एका कारागिराकडून करवून घेतलेली, दातावर बसणारी पितळी टोपी. ती टोपी लावून तो पहिल्यांदा स्वयंपाकघरात आला आणि माझ्याकडे बघून गडगडाट करत हसला, तेव्हा माझी पोळी तव्यावर करपली.

तुम्ही असतात तर पहिला आक्षेप घोड्यावर घेतला असता. मला आठवतं, मी लहान आहे, तुम्ही मला आणि आईला सिनेमाला घेऊन गेला आहात, आणि पडद्यावर डाकू धूळ उडवत घोडे पळवताहेत. तुम्ही भर थेटरात मोठ्यांदा म्हणता, "अरे, या बिहडातल्या दऱ्याघळींत घोडा कुठून चालेल? इथले बागी जन्मभर पायी चालले!" मागून कुणीतरी ओरडतं, "बैठ जाओ पहलवान जी!" आणि आई पदराने तोंड झाकते. मध्यंतरातच तुम्ही आम्हाला बाहेर काढलंत. आता ऐका. तुमच्या नातवासाठी कंपनी लग्नाच्या वरातीतली घोडी भाड्याने आणते. बाजा सुरू झाला की ती बिचारी सवयीने नाचायला लागते. म्हणजे चंबळचा कर्दनकाळ डाकू ठुमकत ठुमकत मैदानात येतो. पहिल्या दिवशी लोक पोट धरून हसले, मालकाला ते आवडलं, आणि तेव्हापासून घोडी कायम झाली.

पण घोडीचं काय, खरं सांगायचं ते वेगळंच आहे आणि तेच तोंडातून निघत नाही. हे सगळं आधीच ठरलेलं असतं, अण्णा. कोण कुणाला उचलणार, कोण कधी आपटणार, कोण हरणार. डाकू इन्स्पेक्टरकडून दर वेळी हरतो. तुमच्या भाषेत नूरा कुस्ती. दौलतगंजामागच्या आपल्या तालमीतला तो दसरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुमच्या दोन पठ्ठ्यांनी आपसात ठरवून कुस्ती बरोबरीत सोडवली होती, दोघांनाही फेटा मिळावा म्हणून. तुम्ही दाल बाजारातल्या आडतीवरून थेट आलेले, अंगावर डाळीची पूड, आणि रागाने आवाजही चढत नव्हता. "मातीला फसवलंत ना? मग माती आता तुमची नाही," एवढंच म्हणालात. दोघं दाराशी संध्याकाळपर्यंत बसून होते. मी दारातूनच बघायची, मला आत मातीत पाय ठेवायची परवानगी नव्हती. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. इतकी का कडक शिक्षा, पोरंच तर होती.

याच मातीत तुम्ही नातवाला चालायला लागल्या लागल्या लंगोट बांधून उभं केलं होतं. तो पडला, तोंडात माती गेली, आणि रडायच्या ऐवजी ती चावायला लागला. "हा मातीचा आहे," तुम्ही गावभर सांगत सुटलात. तुम्ही गेल्यावर तालीम दोन-चार वर्षं कशीबशी चालली, मग तिथे लग्नाच्या मंडपाचं सामान ठेवायला लागले. पोरगा गादीवरच्या कुस्तीकडे वळला. मेहनतीत कमी नव्हता. पण जिल्ह्याच्या पुढे कधी गेला नाही, आणि जिल्ह्यात हरलेल्या पहिलवानाला कुणी ओळखत नाही. आता दौलतगंजातून भाजी घेऊन येताना शेंबडी पोरं त्याच्या मागे लागतात, "डाकू भैया, एक बार हँसो ना!" आणि तो हसतो. मी एकदा म्हटलं, "अरे, ते तुझं नाव नाही." तर म्हणाला, "आई, नाम मेरा नहीं है, पण हाक तर मलाच मारतात ना?" घरातले हे म्हणतात, पोरगा खूश आहे, तू कशाला विरजण घालतेस. आपलेच दात नि आपलेच ओठ.

पहिल्यांदा मी खेळ बघायला गेले तेव्हा तो आत येताच टाळ्या वाजवल्या. आई आहे, दुसरं काय करणार? शेजारची बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "आप डाकू की तरफ़ हैं?" जणू मी सामान लुटायला आले होते. घरी आल्यावर पोरगा माझ्यावरच चिडला. "आई, तू प्लीज टाळी नको वाजवत जाऊ. सब देखते हैं. मी विलन आहे ना! हूट कर, गाली दे. जितनी गालियाँ, उतनी मेरी इज़्ज़त." तर अण्णा, मी शिकले. तुमची मुलगी, जिने तालमीच्या दारात उभं राहून कधी हुंकार दिला नाही, ती मैदानात उभी राहून स्वतःच्या पोराला शिव्या घालायला शिकली. आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्या-तिसऱ्या खेळाला मला मजाही यायला लागली. घसा मोकळा व्हायचा.

या थंडीत मेळ्याच्या दिवसांत मोठा खेळ होता. इन्स्पेक्टरने त्याला डोक्यावर उचललं, गर्दी उठून उभी राहिली, मीही उभी राहिले आणि सगळ्यांबरोबर ओरडले, "और मारो!" तो खाली आला तो मानेवर. मला ते पडणं कळलं. तुमच्या दारात उभं राहून मी इतकी पडणी बघितली आहेत की कुठलं सोंगाचं आणि कुठलं हाडाचं ते मला कळतं, असं मला वाटलं. पण मग तो हात टाकून पडून राहिला, आणि असा तो दर वेळी पडून राहतो, ते त्याचं कामच आहे. गर्दी खदखदून हसत होती. मला ठरवता येईना. तालमीत असं काही झालं की तुम्ही कुणाला न विचारता हौद्यात उतरायचात, खांद्यावरचा पंचा दोघांच्या मध्ये टाकायचात, आणि कुस्ती सुटायची. मी लोखंडी कठड्याला धरून उभी राहिले. शेजारचा माणूस म्हणाला, "अरे बहनजी, नाटक है, टेंशन मत लो." माझ्या तोंडात अजून "मारो" होतं.

नंतर तो इन्स्पेक्टर मला मंडपामागे भेटला, काळा चष्मा हातात, चेहरा पांढराफटक. इथल्याच मोरार भागातला पोरगा आहे, आमच्याकडे पोहे खाऊन जातो. म्हणाला, "आंटी, नीचे गिरने के बाद हम हाथ पकड़ के पूछते हैं. ठीक हो तो सामनेवाला हाथ दबाता है. इसने नहीं दबाया." असं बोलता बोलता त्याला रडू आलं, आणि मीच त्याला गप्प केलं. तुमचा नातू मात्र घरी येताना म्हणत होता, "मी विसरलो दाबायला, इतकंच." रात्री जेवताना त्याच्या डाव्या हातातून वाटी सुटली. डॉक्टरांनी मानेला पट्टा बांधला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असा पडला तर तो हात कायमचा जाईल, हातच काय, आणखीही काही जाईल. मी पोराच्या पाया पडायची बाकी राहिले, अण्णा. खरंच सांगते.

आणि आता जे झालं ते तुम्हाला कसं समजावू? मालक बघायला आला होता, फळं घेऊन. पट्टा पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. "इसे उतारना मत. घायल डाकू! पब्लिक पागल हो जाएगी." म्हणजे आता पट्टा सोंगाचा भाग झाला. तो घालून डाकू घोडीवरून येणार, आणि शेवटी इन्स्पेक्टर तो पट्टा ओढून काढून लोकांकडे भिरकावणार. लोकांना वाटणार, बघा, पट्टाही खोटाच होता. पोराच्या अंगावर खरं म्हणून जेवढं होतं, तेवढंच त्यांनी उचललं. मी म्हटलं, तो मोरारचा मित्र तरी नाही म्हणेल. तर पोरगा म्हणतो, "त्याने नाही म्हटलं तर दुसरा कुणी इन्स्पेक्टर होईल. दुसऱ्यापेक्षा हा बरा ना? हा हळू उचलतो." हात दुखतो का विचारलं तर पितळी टोपी लावून हसून दाखवतो. दुखत असेल तरी हसेल, दुखत नसेल तरी हसेल. माझ्या पोटच्या पोराचा चेहरा मला वाचता येत नाही, याची मला लाज वाटते आणि भीती त्याहून जास्त वाटते.

तुम्ही असतात तर त्याला तालमीच्या दाराशी बसवलं असतंत, आणि मला पुन्हा तुमचा राग आला असता. या वेळी तो राग मी खुशाल गिळला असता. दाराशी बसवा हो त्याला. पण कोण बसवणार? हे पत्र लिहून होईल आणि मी ते घडी करून डब्यातल्या पापडांखाली ठेवीन, तिथे घरातलं दुसरं कुणी हात घालत नाही.

रविवारी खेळ आहे. काल तो शालीतलं उरलेलं काळं कापड घेऊन आला, पट्ट्याला खोळ शिवून दे म्हणाला, वर चार काडतुसं लावायची. "पक्की शिव हं आई. दोन-तीनदा ओढावं लागलं पाहिजे, नाहीतर मज़ा नहीं आएगा." मी नाही म्हटलं, भांडले, ताट सरकवून उठले, आणि मग मशीनवर बसले. खोळ छान झाली. त्याने घालून पाहिली, आरशात मान जपून वळवली. पक्की आहे ना, विचारलं. मी हो म्हटलं. अण्णा, मागच्या बाजूला जिथे हात घालून ओढायचं, तिथे मी मशीन चालवलं नाही. हाताने कच्चे टाके घातले आहेत, मानेला हिसका बसायच्या आत, बोट लागलं तरी सुटतील असे.